वाल्देमार हाफकिन

वाल्देमार मोर्डेकाई वुल्फ हाफकिन (जन्म : १५ मार्च १८६०, ओडेसा, मृत्यू : २६ ऑक्टोबर १९३०, लोझान, स्वित्झर्लंड) हे रशियन साम्राज्यात जन्मलेले ज्यू सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होते. पटकी (कॉलरा) आणि प्लेग या दोन जिवाणुजन्य रोगांवर त्यांनी लसी तयार केल्या व भारतात त्यांचा मोठ्या प्रमाणावर वापर केला. प्लेगची लस त्यांनी मुंबईत, १८९६-९७ च्या साथीत तयार केली आणि तिची पहिली चाचणी स्वतःवर केली. परळ येथील हाफकिन संस्था त्यांच्या नावाने ओळखली जाते.

हाफकिन यांच्या काळात जिवाणूंचा नाश करणारी प्रतिजैविके अस्तित्वात नव्हती. त्यामुळे संसर्ग होण्यापूर्वीच शरीराची प्रतिकारशक्ती जागी करणे, हाच त्यांच्यासमोरचा खात्रीचा मार्ग होता. पुढे प्रतिजैविके आली, प्लेग व पटकी औषधांनी बरे होऊ लागले. आणि त्यानंतर या दोन्ही रोगांच्या जिवाणूंत औषधांना न जुमानणारे प्रकार आढळले. प्रतिजैविक-प्रतिरोधाच्या आजच्या अभ्यासात लसीकरण आणि संसर्गप्रतिबंध यांना जे स्थान आहे, त्यामुळे हाफकिन यांच्या कार्याकडे नव्याने पाहिले जाते.

जन्म व शिक्षण

हाफकिन यांचा जन्म काळ्या समुद्राच्या काठावरील ओडेसा या बंदरात एका ज्यू व्यापारी कुटुंबात झाला. त्यांचे मूळ रशियन नाव व्लादिमीर आरोनोविच खावकिन असे होते. ओडेसा येथील विद्यापीठात त्यांनी निसर्गविज्ञानाचे शिक्षण घेतले. तेथे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक इल्या मेचनिकोव्ह हे त्यांचे गुरू होते. पांढऱ्या रक्तपेशी शरीरात शिरलेल्या जंतूंना गिळून टाकतात, हा सिद्धान्त मांडणारे आणि त्यासाठी पुढे नोबेल पारितोषिक मिळवणारे शास्त्रज्ञ ते हेच.

१८८१ मध्ये रशियात ज्यूंविरुद्ध दंगली उसळल्या. ओडेसातील ज्यू वस्तीच्या रक्षणासाठी तरुणांनी उभारलेल्या संघटनेत हाफकिन सामील झाले. या काळात ते जखमी झाले आणि त्यांना अटकही झाली. मेचनिकोव्ह यांच्या रदबदलीमुळे त्यांची सुटका झाली. विद्यापीठात अध्यापकाचे पद मिळवण्यासाठी ख्रिस्ती धर्म स्वीकारण्याची अट होती. ती त्यांनी नाकारली. त्यामुळे काही वर्षे ते ओडेसाच्या प्राणिशास्त्रीय संग्रहालयात काम करीत राहिले आणि सूक्ष्म जलचर प्राण्यांवर त्यांनी संशोधन केले.

१८८८ मध्ये त्यांनी रशिया सोडला. जिनिव्हा येथे काही काळ शरीरक्रियाशास्त्राचे साहाय्यक म्हणून काम केल्यानंतर १८८९ मध्ये ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दाखल झाले. त्यावेळी तेथे केवळ साहाय्यक ग्रंथपालाची जागा रिकामी होती. ती त्यांनी पत्करली आणि उरलेला वेळ प्रयोगशाळेत घालवण्यास सुरुवात केली.

पटकीची लस

पटकीचा जिवाणू रॉबर्ट कॉख यांनी १८८३-८४ मध्ये इजिप्त व कलकत्ता येथील रुग्णांत ओळखला होता. स्पेनमध्ये हाइमे फेरान यांनी १८८५ मध्ये पटकीची टोचणी दिली होती. परंतु त्यांच्या लसीची शुद्धता व परिणाम यांबद्दल वाद होता. हाफकिन यांनी या प्रश्नाकडे पाश्चर यांच्या पद्धतीने पाहिले. पटकीचे जिवाणू एका गिनी पिगच्या उदरातून दुसऱ्याच्या उदरात असे वारंवार नेऊन त्यांनी त्यांची तीव्रता वाढवली व स्थिर केली. दुसरीकडे, उबदार तापमानात हवेचा पुरवठा करीत वाढवून त्यांनी जिवाणूंचा एक सौम्य प्रकार तयार केला. प्रथम सौम्य व काही दिवसांनी तीव्र अशा दोन टोचण्या देण्याची त्यांची पद्धत होती.

१८ जुलै १८९२ रोजी हाफकिन यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली. ताप आणि टोचलेल्या जागी वेदना यांपलीकडे त्यांना त्रास झाला नाही. त्यानंतर त्यांच्या काही मित्रांनी लस घेतली व निष्कर्ष पॅरिसच्या जीवशास्त्रीय संस्थेपुढे मांडण्यात आले. तथापि निरोगी माणसाला त्रास होत नाही एवढ्यावरून लस रोग टाळते, हे सिद्ध होत नव्हते. त्यासाठी पटकीची साथ नेहमी असलेल्या प्रदेशात जाणे आवश्यक होते. भारताचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन त्या वेळी पॅरिसमध्ये ब्रिटिश राजदूत होते. त्यांच्या पाठबळाने हाफकिन यांना भारतात काम करण्याची परवानगी मिळाली.

भारतातील पहिला काळ

मार्च १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्यास पोहोचले. ते वैद्यकीय पदवीधर नव्हते, शिवाय रशियन प्रजाजन होते. त्यामुळे ब्रिटिश वैद्यकीय अधिकाऱ्यांत त्यांच्याविषयी संशय होता. लोकांमध्येही परक्या माणसाच्या सुईची भीती होती. पुढील सुमारे अडीच वर्षांत त्यांनी उत्तर भारत, बंगाल व आसाम येथे हिंडून ४२,००० हून अधिक लोकांना लस दिली.

१८९४ मध्ये कलकत्त्याच्या एका गरीब बस्तीत पटकीचे रुग्ण आढळले. शहराचे आरोग्य अधिकारी विल्यम सिम्प्सन यांच्या साहाय्याने आणि चौधरी, घोष, चॅटर्जी व दत्त या भारतीय डॉक्टरांसह हाफकिन तेथे गेले. बस्तीतील सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर आढळलेले रुग्ण लस न घेतलेल्यांपैकी होते. एकाच वस्तीत, एकच पाणी पिणाऱ्या दोन गटांची अशी तुलना करणे हे हाफकिन यांच्या कामाचे वैशिष्ट्य ठरले. लस घेणाऱ्यांची नोंद जितकी काळजीपूर्वक ठेवली जाई, तितकीच न घेणाऱ्यांचीही ठेवली जाई. पाण्याची शुद्धता हाच पटकीवरील मूळ उपाय असला, तरी ती साध्य होईपर्यंत माणसांचे रक्षण लसीने करता येईल, अशी त्यांची भूमिका होती.

मलेरियाने प्रकृती खालावल्यामुळे १८९५ मध्ये ते इंग्लंडला गेले व १८९६ मध्ये भारतात परतले.

मुंबईतील प्लेग

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईतील मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले. बंदराजवळच्या या भागात धान्याची गोदामे व दाटीवाटीची घरे होती. थोड्याच काळात साथ शहरभर पसरली. लाखो लोकांनी मुंबई सोडली, गिरण्या ओस पडू लागल्या व रोग रेल्वेमार्गाने आणि जलमार्गाने पुणे, कराची व इतर ठिकाणी पोहोचला. प्लेगचा जिवाणू अलेक्सांद्र येर्सिन यांनी १८९४ मध्ये हाँगकाँग येथे शोधला होता. परंतु त्यावर औषध नव्हते. गाठीच्या प्लेगचे निम्म्याहून अधिक रुग्ण दगावत.

सरकारच्या विनंतीवरून हाफकिन ७ ऑक्टोबर १८९६ रोजी मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना काम करण्यास जागा आणि मदतीला एक कारकून व तीन शिपाई मिळाले. कामाचा ताण इतका होता की, एका साहाय्यकाची प्रकृती ढासळली व दोघे काम सोडून गेले. सुमारे तीन महिन्यांत हाफकिन यांनी लस तयार केली.

या वेळी त्यांनी जिवंत जिवाणूंऐवजी मृत जिवाणूंची लस निवडली. मांसाच्या अर्कापासून केलेल्या द्रवात प्लेगचे जिवाणू वाढवण्यात येत. द्रवाच्या पृष्ठभागावर तुपाचे थेंब सोडले जात. त्या थेंबांना चिकटून जिवाणू खाली लोंबणाऱ्या तंतूंसारखे वाढत. भांडे हलवले की तंतू तळाशी जात व वर नवी वाढ सुरू होई. काही आठवडे वाढवल्यानंतर हा द्रव उष्णता देऊन निर्जंतुक केला जाई व त्यात कार्बोलिक आम्ल मिसळले जाई. गोमांस व डुकराचे मांस यांविषयीच्या धार्मिक भावना लक्षात घेऊन अर्कासाठी बकऱ्याचे मांस वापरण्यात आले.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी स्वतःला लस टोचून घेतली. पुढे इतरांना दिल्या जाणाऱ्या मात्रेपेक्षा ही मात्रा बरीच मोठी होती. त्यांना तीव्र ताप आला, पण ते काही दिवसांत बरे झाले. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळा येथील तुरुंगात प्लेग शिरला. तेथील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस देण्यात आली. उरलेले कैदी त्याच इमारतीत, तेच अन्न खाऊन राहत होते. टोचणीच्या दिवशीच ज्यांच्यात लक्षणे दिसू लागली असे कैदी वगळता, लस घेतलेल्यांपैकी दोघांना प्लेग झाला व कोणीही दगावले नाही. लस न घेतलेल्यांपैकी बारा जणांना प्लेग झाला व सहा जण मरण पावले.

फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोद्याजवळील उंधेरा या गावी याहून काटेकोर तुलना करण्यात आली. प्रत्येक कुटुंबातील काही जणांना लस देण्यात आली व काहींना देण्यात आली नाही. ज्या घरांत पुढे प्लेग झाला, तेथील लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ जणांना रोग झाला व ३ दगावले; लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ जणांना रोग झाला व २६ दगावले. लस पूर्ण संरक्षण देत नव्हती, तिने ताप व सूज येई आणि तिचा परिणाम काही महिनेच टिके. तरीही मृत्यू टाळण्याची तिची क्षमता या आकड्यांतून दिसून आली.

सक्ती, संशय आणि लस

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग प्रतिबंधक कायदा लागू झाला. त्यान्वये घरांची झडती घेणे, रुग्णांना व त्यांच्या नातेवाइकांना छावण्यांत हलवणे, सामान जाळणे, प्रवाशांची तपासणी करणे असे व्यापक अधिकार सरकारला मिळाले. पुण्यात प्लेग अधिकारी वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या देखरेखीखाली गोऱ्या सैनिकांनी घरोघरी केलेल्या झडत्यांमुळे तीव्र असंतोष निर्माण झाला. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या. मार्च १८९८ मध्ये मुंबईतही रुग्णतपासणीवरून दंगल झाली. याच साथीत पुण्यात रुग्णसेवा करताना सावित्रीबाई फुले यांना प्लेगची लागण झाली व १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

या वातावरणात लसीविषयी अनेक अफवा पसरल्या. सक्तीच्या उपायांशी लसीचे नाव जोडले जाण्याचा धोका होता. हाफकिन यांचा भर मात्र स्वेच्छेने लस घेण्यावर व समाजातील प्रतिष्ठित व्यक्तींच्या सहकार्यावर होता. खोजा समाजाचे धर्मप्रमुख तिसरे आगाखान यांनी लोकांसमक्ष लस टोचून घेतली. त्यानंतर त्या समाजातील हजारो लोकांनी ती घेतली. आगाखान यांनी आपली खुशरू लॉज ही इमारतही प्रयोगशाळेसाठी दिली. १८९८ मध्ये हुबळी व धारवाड येथे मोठ्या प्रमाणावर लसीकरण झाले. झडती व छावण्या यांच्या तुलनेत लस हा कमी जाचक उपाय आहे, हे हळूहळू प्रशासनाच्याही लक्षात आले.

परळची प्रयोगशाळा

लसीची मागणी वाढल्याने प्रयोगशाळेची जागा वारंवार बदलावी लागली. अखेर परळ येथील जुने गव्हर्नमेंट हाउस तिला देण्यात आले. मुंबईचे गव्हर्नर पूर्वी तेथे राहत असत. १८८२ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नीचे तेथेच पटकीने निधन झाले आणि त्यानंतर गव्हर्नरांचे वास्तव्य मलबार पॉइंट येथे हलवण्यात आले. १० ऑगस्ट १८९९ रोजी गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्ते या वास्तूत प्लेग संशोधन प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले व हाफकिन तिचे प्रमुख संचालक झाले. १९०६ मध्ये संस्थेचे नाव मुंबई जिवाणुशास्त्रीय प्रयोगशाळा असे झाले आणि १९२५ मध्ये तिला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईतून प्लेगच्या लसीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर पाठवण्यात आल्या.

मुल्कोवाल प्रकरण

१९०२ मध्ये पंजाबात प्लेगचा जोर वाढला व सरकारने तेथे व्यापक लसीकरण मोहीम हाती घेतली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुल्कोवाल या गावी १०७ जणांना लस देण्यात आली. त्यांपैकी १९ जणांना काही दिवसांत धनुर्वात झाला व ते सर्व मरण पावले. या सर्वांना एकाच बाटलीतील लस देण्यात आली होती. इतर बाटल्यांतून लस घेतलेल्यांना काहीही झाले नाही.

सरकारने मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे मुंबईच्या प्रयोगशाळेतच ती दूषित झाली असावी, असा निष्कर्ष आयोगाने काढला. मोठ्या प्रमाणावर लस लवकर तयार व्हावी म्हणून हाफकिन यांनी कार्बोलिक आम्ल वगळून केवळ उष्णतेने निर्जंतुकीकरण करण्याची पद्धत स्वीकारली होती. पाश्चर संस्थेत उष्णतेची पद्धत मान्य होती. परंतु आयोगाच्या दृष्टीने हा बदल दोषास्पद ठरला. हाफकिन यांना संचालकपदावरून दूर करण्यात आले व १९०४ मध्ये ते इंग्लंडला गेले.

चौकशीतील कागदपत्रे १९०६ च्या अखेरीपर्यंत प्रसिद्ध झाली नाहीत. ती बाहेर आल्यावर वेगळे चित्र समोर आले. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता तसाच वापरण्यात आला होता. शिवाय बाटली उघडताना डॉक्टरांनी तिचा वास घेऊन पाहिला होता व तो नेहमीसारखाच होता. धनुर्वाताचे जिवाणू बाटलीत कित्येक आठवडे वाढत असते, तर लसीला दुर्गंधी आली असती. मलेरियाच्या प्रसाराचा शोध लावणारे रोनाल्ड रॉस यांनी हाफकिन यांची बाजू हिरिरीने मांडली. १९०७ मध्ये रॉस यांच्यासह अनेक नामवंत जिवाणुशास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र प्रसिद्ध करून आरोप निराधार असल्याचे जाहीर केले. वर्षाच्या अखेरीस हाफकिन यांना दोषमुक्त करण्यात आले.

मुल्कोवालची दुर्घटना लस-उत्पादनाच्या व वापराच्या इतिहासात महत्त्वाची मानली जाते. प्रयोगशाळेत निर्जंतुक केलेली लससुद्धा गावातील टोचणीच्या जागी दूषित होऊ शकते, हे तिने दाखवून दिले. साधनांची स्वच्छता, प्रत्येक बाटलीची क्रमांकासह नोंद आणि लसीकरणानंतरच्या घटनांची खुली चौकशी या बाबी त्यामुळे ठळक झाल्या. बाटलीच्या क्रमांकाची नोंद ठेवलेली असल्यामुळेच १९ मृत्यूंचा संबंध एका बाटलीशी जोडता आला होता.

उत्तरायुष्य

दोषमुक्त झाल्यानंतर हाफकिन भारतात परतले. परंतु मुंबईतील पद त्यांना पुन्हा मिळाले नाही. कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत त्यांनी काम केले. तेथे लस-उत्पादनाची जबाबदारी त्यांच्याकडे नव्हती व नव्या लसींच्या प्रत्यक्ष चाचण्यांना पुरेशी संधीही मिळाली नाही. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीच्या काळात ते निवृत्त होऊन युरोपात गेले. उरलेले आयुष्य त्यांनी प्रामुख्याने फ्रान्समध्ये व १९२८ पासून लोझान येथे घालवले. धर्मनिष्ठ ज्यू म्हणून ते ज्यू समाजाच्या शिक्षणकार्यात रमले आणि आपली संपत्ती पूर्व युरोपातील धार्मिक पाठशाळांच्या साहाय्यासाठी ठेवली. ते अविवाहित होते. २६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझान येथे त्यांचे निधन झाले.

१८९७ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना सी.आय.ई. हा किताब दिला होता. १९६४ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

प्लेग : माणूस, प्राणी आणि परिसर

हाफकिन मुंबईत आले तेव्हा प्लेग नेमका कसा पसरतो, हे माहीत नव्हते. घाण, दूषित हवा, कपडे व माती यांवर संशय घेतला जाई. उंदीर मरू लागले की प्लेग येतो, हा लोकांचा अनुभव होता. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमॉन्ड यांनी कराची येथे प्रयोग करून उंदराच्या अंगावरील पिसूंमुळे रोग पसरतो, असे दाखवले. परंतु त्यांच्या म्हणण्यावर अनेकांचा विश्वास बसला नाही. पुढे विल्यम ग्लेन लिस्टन यांनी मुंबईत केलेल्या निरीक्षणांनी आणि १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत झालेल्या प्लेग आयोगाच्या प्रयोगांनी ही बाब सिद्ध झाली. प्लेगग्रस्त घरांत ठेवलेल्या गिनी पिगच्या अंगावर उंदरांच्या पिसवा चढत व ते प्लेगने मरत. पिसवा पोहोचू शकणार नाहीत अशा पिंजऱ्यांतील गिनी पिग वाचत.

प्लेग हा मुळात कुरतडणाऱ्या प्राण्यांचा रोग आहे. जंगल-शेतातील उंदीर, वस्तीतील उंदीर, पिसू आणि माणूस अशी त्याची साखळी असते. धान्यसाठा, घरांची रचना व पीकपाणी यांवर उंदरांची संख्या अवलंबून असते. म्हणून माणसाच्या, प्राण्यांच्या व पर्यावरणाच्या आरोग्याचा एकत्र विचार करणाऱ्या आजच्या एकात्म आरोग्य संकल्पनेचे प्लेग हे ठळक उदाहरण ठरते. हाफकिन यांची लस या साखळीतील माणूस हा शेवटचा दुवा सुरक्षित करीत होती. उंदीर व पिसू यांचा बंदोबस्त त्यासोबत आवश्यक होता.

प्रतिजैविकांचा काळ आणि प्रतिरोध

१९३० च्या दशकात सल्फा औषधे आली. साहिबसिंग सोखी यांच्या संचालकपदाच्या काळात हाफकिन संस्थेत प्लेगवरील या औषधांचा अभ्यास झाला. १९४० च्या दशकात सापडलेले स्ट्रेप्टोमायसिन व त्यानंतरची टेट्रासायक्लिन गटातील औषधे प्लेगवर अत्यंत प्रभावी ठरली. १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कंपनीची स्थापना झाली आणि प्रतिजैविकांचे देशी उत्पादन सुरू झाले. वेळेवर निदान झाल्यास प्लेगचा रुग्ण वाचू लागला व लसीचे महत्त्व मागे पडले.

ऑगस्ट-सप्टेंबर १९९४ मध्ये मराठवाड्यातील बीड जिल्ह्यात ममला गावी गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले. हा जिल्हा तत्कालीन औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर महसूल विभागात येतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भीतीपोटी लोक घराबाहेर तात्पुरत्या निवाऱ्यांत राहू लागले. रिकाम्या घरांत साठवलेल्या धान्यावर उंदरांची वाढ झाली, असे या उद्रेकाचे स्पष्टीकरण दिले जाते. मेलेले उंदीर व पिसवांचा उपद्रव गावकऱ्यांना आधीच जाणवला होता. लगोलग सुरत येथे फुप्फुसाच्या प्लेगची बातमी आली व लाखो लोकांनी ते शहर सोडले. टेट्रासायक्लिनने रुग्ण बरे होत होते. मात्र भीतीमुळे इतर शहरांतही लोकांनी गरज नसताना ते विकत घेतले आणि औषधाच्या दुकानांतील साठे संपले.

त्यानंतर थोड्याच काळात या औषधांच्या मर्यादाही समोर आल्या. १९९५ मध्ये मादागास्कर येथील एका रुग्णाकडून मिळालेला प्लेगचा जिवाणू स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन, क्लोरॅम्फेनिकॉल व सल्फा या प्रमुख औषधांना प्रतिरोधक असल्याचे आढळले. प्रतिरोधाची जनुके जिवाणूच्या मुख्य गुणसूत्रावर नसून प्लाझ्मिड या स्वतंत्र डीएनए-वलयावर होती. असे वलय एका जातीच्या जिवाणूकडून दुसऱ्या जातीच्या जिवाणूकडे जाऊ शकते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्याच घडणीची प्लाझ्मिडे माशांना रोग करणाऱ्या एका जिवाणूत आणि अमेरिकेत विक्रीस आलेल्या मांसावरील साल्मोनेला जिवाणूंतही आढळली. प्रतिरोध केवळ रुग्णालयात निर्माण होत नाही, तो पशुपालन, मत्स्यशेती, पाणी व माती यांतून फिरतो, हे या उदाहरणातून स्पष्ट होते.

पटकीच्या बाबतीतही असेच घडले. पटकीचा जिवाणू खाडीच्या व नदीमुखाच्या पाण्यात सूक्ष्म जलचरांच्या आधाराने टिकून राहतो. १९९२ मध्ये भारतात उद्भवलेल्या पटकीच्या नव्या प्रकारात अनेक औषधांचा प्रतिरोध एकत्र वाहून नेणारा जनुकसमूह सापडला. पटकीवर मीठ-साखर-पाण्याची पुनर्जलीकरण चिकित्सा हा मुख्य उपचार असला, तरी प्रतिजैविकांनी आजाराचा कालावधी कमी होतो. प्रतिरोधामुळे तो लाभ घटतो.

प्रतिजैविक ज्या वेळी वापरले जाते, त्या वेळी त्याला दाद देणारे जिवाणू मरतात व न जुमानणारे शिल्लक राहून वाढतात. औषधाचा वापर जितका अनावश्यक व अर्धवट, तितकी ही निवड अधिक होते. भारताने २०१७ मध्ये प्रतिजैविक-प्रतिरोधाविरुद्ध राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत कोलिस्टिन या शेवटच्या फळीतील प्रतिजैविकाच्या वापरावर बंदी घालण्यात आली. औषधांचा जपून वापर, प्राण्यांतील वापरावर नियंत्रण, सांडपाण्याची शुद्धी आणि संसर्गाचा प्रतिबंध हे या प्रश्नावरील उपायांचे मुख्य भाग आहेत. लस संसर्गच टाळत असल्याने औषध वापरण्याची वेळ कमी येते आणि प्रतिरोधक जिवाणूंनाही ती रोखू शकते. लस घेतलेल्या शरीराच्या दृष्टीने जिवाणू औषधाला दाद देतो की नाही, याने सहसा फरक पडत नाही.

वारसा

हाफकिन यांची प्लेगची लस आज सर्वसाधारण वापरात नाही आणि पटकीसाठी आता तोंडाने घेण्याच्या नव्या लसी वापरल्या जातात. त्यांच्या कामाचे टिकून राहिलेले महत्त्व मुख्यतः पद्धतीत आहे : नव्या उपायाची जोखीम प्रथम स्वतः घेणे, लस घेणाऱ्यांची व न घेणाऱ्यांची एकाच परिस्थितीत तुलना करणे, आकडे खुले ठेवणे आणि लोकांचा विश्वास सक्तीने नव्हे तर संमतीने मिळवणे.

परळच्या संस्थेत पुढे सर्पदंशावरील प्रतिविष व विविध लसी यांचे कार्य झाले. १९७० च्या दशकात लस व औषधांचे उत्पादन करणारे महामंडळ वेगळे करण्यात आले. संशोधन, प्रशिक्षण व चाचणी यांचे काम संस्थेकडे राहिले. जुन्या गव्हर्नमेंट हाउसच्या आवारात ही संस्था आजही हाफकिन यांच्या नावाने कार्यरत आहे.